डिंकाच्या गोळीतले कॅफीन : छापील आकडा कसा पडताळावा?

आजचा विषय एका आकड्याचा आहे. च्युइंग गमच्या छोट्याशा पाकिटावर ‘दर गोळीत कॅफीन ४० मिलिग्रॅम’ किंवा ‘१०० मिलिग्रॅम’ असे छापलेले असते. हा आकडा खरा की खोटा, हे कोणी, कसे आणि कशाच्या बळावर सांगायचे, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ. प्रश्न दिसायला लहान आहे. पण रात्रभर मालमोटार हाकणारा ड्रायव्हर, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी, आणि ज्याच्या दप्तरात असले पाकीट सापडते त्या बारा वर्षांच्या मुलाची आई, या तिघांचाही भरवसा त्याच एका आकड्यावर असतो. मी स्वतः रसायनशास्त्राचा नव्हे, गणिताचा मास्तर आहे. त्यामुळे कोणी आकडा पुढे टाकला, की तो आला कुठून हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी कॅफीन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पांढरे, वास नसलेले, चवीला कडू असे हे स्फटिक. १८१९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने ते कॉफीच्या बियांतून पहिल्यांदा वेगळे काढले. बिया त्याला दिल्या होत्या महाकवी गटे यांनी! कवीने कॉफी द्यावी आणि शास्त्रज्ञाने तिच्यातली तरतरी बाटलीत भरावी, असा तो योग होता. पुढे १८९५ मध्ये एमिल फिशर याने हेच कॅफीन प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. आपल्या नेहमीच्या चहाच्या कपात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते, मोठ्या कपभर गाळीव कॉफीत नव्वद-शंभरच्या आसपास. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. ४० मिलिग्रॅम कॅफीन चिमटीत धरायला गेलात तर चिमूट सुद्धा भरायची नाही. मोजायचे आहे ते एवढेसे, आणि तेही डिंकात कालवलेले.

आता डिंकाकडे वळू. च्युइंग गम ही परदेशी चीज खरी, पण तिचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या रानांतल्या एका झाडाला खाचा पाडून त्याचा चीक गोळा करीत, तो आटवीत आणि चघळीत. त्या चिकाला तिकडे ‘चिक्ले’ म्हणतात. ते झाड म्हणजे आपले चिकूचे झाड. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत ज्याची फळे पिकतात आणि ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेच. ‘चिकू’ हे नावही त्या ‘चिक्ले’चेच भाऊबंद. (आपल्या ‘चीक’ या शब्दाशी त्याचे नाते मात्र कोणी जोडू नये; तो निव्वळ योगायोग.) न्यूयॉर्कच्या टॉमस ॲडम्स याने १८७१ मध्ये या चिकापासून च्युइंग गम बनवण्याचे पेटंट घेतले. आज बहुतेक गमचा पाया झाडाचा नसून कारखान्यातल्या बहुवारिकांचा असतो, म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट, पॉलिआयसोब्यूटिलीन असल्या पदार्थांचा. हा पाया पाण्यात विरघळत नाही. तासभर चघळा, गोळा तोंडात राहतोच. पुढे प्रयोगशाळेत शिरलो, की या एका गुणामुळे केवढी अडचण होते ते दिसेल.

डिंकात कॅफीन घालण्याची कल्पना बळावली ती सैन्यात. पहाऱ्यावरच्या शिपायाला मध्यरात्री कॉफी उकळून कोण देणार? अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेने रिग्ली या च्युइंग गमच्या कंपनीच्या एका शाखेबरोबर असा गम तयार करून तपासला. दर गोळीत १०० मिलिग्रॅम कॅफीन. पुढे तो त्यांच्या सैनिकांच्या शिध्यातही गेला. त्यात हिशेब असा, की गोळी गिळायची नाही, चघळायची. कॅफीन लाळेत उतरते आणि काही प्रमाणात तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरते, पोटाची वाट पाहत बसत नाही.

मग तो बाजारात आला. २०१३ च्या एप्रिलमध्ये रिग्लीने ‘अलर्ट’ नावाचा गम अमेरिकेतल्या दुकानांत आणला. पाकिटात आठ गोळ्या, दर गोळीत ४० मिलिग्रॅम, म्हणजे कंपनीच्या शब्दांत अर्धा कप कॉफी. २९ एप्रिल रोजी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे उपायुक्त मायकेल टेलर यांनी जाहीर केले, की खाद्यपदार्थांत कॅफीन घालण्याच्या या नव्या लाटेचा, विशेषतः मुलांवर होणाऱ्या परिणामाचा, प्रशासन विचार करणार आहे. त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली ती महत्त्वाची होती. पदार्थात वरून कॅफीन घालायला प्रशासनाने स्पष्ट संमती दिली होती ती फक्त कोला पेयांना, आणि तीही १९५० च्या दशकात. ८ मे रोजी रिग्लीने त्या गमचे उत्पादन आणि विक्री थांबवली. एक गोष्ट इथे न्यायाने सांगितली पाहिजे, की त्या प्रकरणात कंपनीचा ४० हा आकडा खोटा आहे असा आरोप कोणी केला नव्हता. वाद होता तो असा, की चहा, कोला, चॉकलेट आणि त्यात आता गोळी, या सगळ्यांची बेरीज दिवसाकाठी किती होते आणि ती कोण करतो. पण बेरीज करायची तर तिच्यातला प्रत्येक आकडा खरा पाहिजे. म्हणून आपला प्रश्न उरतोच.

आणि आकडे नेहमी खरे असतात असे नाही. त्याच २०१३ साली अमेरिकेतले डॉक्टर पीटर कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्करी तळांवर विकल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांची, म्हणजे अंगात बळ आणणाऱ्या गोळ्या-भुकट्यांची, तपासणी प्रसिद्ध केली. ते गम नव्हते, हे लक्षात ठेवा. लेबलावर कॅफीनचे नाव असलेले वीस पदार्थ त्यांनी मोजले. नऊंचे आकडे बरोबर निघाले. पाचांचे प्रत्यक्ष प्रमाण छापील आकड्याच्या शेकडा २७ पासून ११३ पर्यंत कुठेही होते. आणि सहांनी ‘कॅफीन आहे’ एवढेच सांगून किती ते सांगितलेच नव्हते. त्यांत एका वेळच्या मात्रेला २१० ते ३१० मिलिग्रॅम सापडले. शंभराच्या ठिकाणी सत्तावीस म्हणजे सरळ मापात पाप. पण मला विचाराल तर शेवटचे सहा अधिक वाईट. खोटा आकडा निदान तपासता तरी येतो!

हे ऐकून माझा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मी परवा दोन गोळ्या खाल्ल्या, तरी तासाभरात झोप लागली. म्हणजे खोटंच की हो ते!” मी म्हटले, “अरे, तुझी झोप हा तराजू नव्हे.” रोज सहा कप चहा पिणाऱ्याला ४० मिलिग्रॅम जाणवणारसुद्धा नाही, आणि चहा न पिणाऱ्याच्या छातीत तेवढ्यानेच धडधड होईल. रक्तातले कॅफीन निम्म्यावर यायला प्रौढ माणसाला सरासरी पाच तास लागतात, पण ही सरासरी फार फसवी आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून ते लवकर जाते, गरोदर बाईच्या शरीरात कितीतरी जास्त रेंगाळते. शिवाय पाकिटावर विजेचे चित्र असले, की चघळणाऱ्याला अर्धी तरतरी चित्रानेच येते. जिभेचीही साक्ष घेऊ नये. कॅफीन कडू असते खरे. पण पुदिना आणि गोडी घालून कडूपणा झाकणे हेच तर गम बनवणाऱ्याचे कसब.

तेव्हा पहिली तपासणी करायची ती पाकिटाची. तिला प्रयोगशाळा लागत नाही, चौथीतले त्रैराशिक लागते. आकडा दर गोळीचा आहे की दर ‘मात्रे’चा? मात्रा दोन गोळ्यांची असेल, तर १०० चे ५० होतात. आकडा कॅफीनचा आहे की ज्यातून कॅफीन येते त्या वनस्पतीचा? ‘ग्वाराना १०० मिलिग्रॅम’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ग्वाराना हे ब्राझीलमधले बी. त्यात कॅफीन शेकड्याला काही थोडेच भाग असते. म्हणजे बियांच्या १०० मिलिग्रॅम भुकटीत कॅफीन पाच-सहा मिलिग्रॅमही भरेल न भरेल; अर्क काढलेला असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. अर्क किती तीव्र हे लिहिलेले नसेल, तर त्या शंभराला काही अर्थ नाही. तसेच ‘कॅफीन सायट्रेट’. त्यात निम्मेच कॅफीन असते, उरलेले सायट्रिक आम्ल. २० मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम कॅफीन. आणि निर्जल कॅफीनऐवजी पाणी धरलेले स्फटिक तोलले, तर वजनात शेकडा साडेआठ भाग नुसते पाणीच.

युरोपात आणखी एक पद्धत आहे. तरतरीसाठी म्हणून पदार्थात कॅफीन घातले असेल, तर ‘मुलांना व गरोदर स्त्रियांना योग्य नाही’ हा इशारा आणि १०० ग्रॅममागे किती मिलिग्रॅम हा आकडा डिसेंबर २०१४ पासून लेबलावर द्यावा लागतो. समजा, त्यावर २,६६७ असे लिहिले आहे. केवढा भयंकर आकडा! पण गोळी दीड ग्रॅमची असेल, तर हिशेब येतो ४० मिलिग्रॅमचाच. सोनाराकडचा काटा मिळाला, तर पाकिटातल्या गोळ्या एकेक करून तोलून पाहा. दीड ग्रॅमची म्हटलेली गोळी सव्वा ग्रॅम भरली, तर कॅफीनच्या आधीच तुम्हाला काहीतरी सापडले. अमेरिकेत वरून घातलेल्या कॅफीनचे नाव घटकांच्या यादीत द्यावेच लागते, पण ते किती घातले ते सांगण्याची सक्ती नाही. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयांना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम अशी चौकट आखून दिली आहे. पण तो नियम पेयांचा झाला. डिंक काही कोणी लिटरने मोजीत नाही.

पाकीट वाचून झाले, आता प्रयोगशाळेत जाऊ. चहातले कॅफीन काढणे सोपे. गरम पाण्यात ते भराभर उतरते, आपण रोज तेच करतो. कोला तर आधीच द्रव. गम मात्र पाण्याला जुमानत नाही. त्याच्या पोटात कॅफीन अडकून राहते आणि अर्कात जेवढे येते तेवढेच यंत्राला दिसते. म्हणून बरेच रसायनतज्ज्ञ गोळी आधी अतिशय थंड करतात. थंडीने डिंक काचेसारखा ठिसूळ होतो, मग तो कुटता किंवा खिसता येतो. बारीक भुकटीतून गरम पाण्याने, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा, कॅफीन काढून घ्यायचे.

दुसरा मार्ग म्हणजे डिंकच एखाद्या द्रावकात विरघळवून टाकायचा. हा ऐकायला सुटसुटीत वाटतो, पण इथेच खोच आहे. क्लोरोफॉर्म घेतला तर डिंक विरघळेल, पण कॅफीनलाही क्लोरोफॉर्म पाण्याहून अधिक प्रिय! कॉलेजात ज्यांनी चहातून कॅफीन काढण्याचा प्रयोग केला असेल त्यांना आठवेल, की चहाचे पाणी क्लोरोफॉर्मबरोबर घुसळले की कॅफीन पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये जाते. मग डिंक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून तो एकदाच पाण्याशी घुसळला, आणि त्या पाण्यात कॅफीन मोजले, तर काय होईल? बहुतेक कॅफीन मागेच राहील. यंत्र उत्तम, माणूस हुशार, आकडा साफ चुकीचा. आणि बिचारा प्रामाणिक कारखानदार खोटारडा ठरेल.

यावर एक फार देखणा उपाय आहे. हा उपाय गणितवाल्यालाही आवडावा असा आहे. त्याच जातीचा, पण कॅफीन नसलेला साधा गम घ्यायचा. त्यात आपण स्वतः अचूक तोललेले ४० मिलिग्रॅम कॅफीन मिसळायचे. मग त्याला तीच सगळी वागणूक द्यायची: तीच थंडी, तेच खिसणे, तोच द्रावक, तेच पाणी. शेवटी किती परत मिळाले ते पाहायचे. ३६ मिळाले, तर आपली पद्धत शेकडा ९० वसुली करते, हे कळले. आता खऱ्या गोळीकडे या. तिचा अर्क ५०० मिलिलिटर पाण्यात केला आणि यंत्राने दर मिलिलिटरला ०.०७२ मिलिग्रॅम दाखवले. पाचशेने गुणा, आले ३६ मिलिग्रॅम. पाकिटावर ४० आहेत. कंपनी चोर? नाही. ३६ ला ०.९० ने भागा, ४० पुरे भरले. उलट वसुली शेकडा ९८ असती, तर उत्तर ३७ च्या आतच राहिले असते आणि तूट खरी ठरली असती. म्हणून प्रयोगशाळेचा कागद हातात आला की माझी नजर आधी जाते ती वसुलीच्या आकड्यावर. तो नसेल, तर बाकीचा कागद कितीही शिक्क्यांचा असो, मी तो बाजूला ठेवीन.

अर्क झाल्यावर मोजणी. कॅफीनच्या द्रावणातून अतिनील किरण सोडले, तर २७३ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण ते सर्वांत जास्त शोषून घेते. जितके कॅफीन जास्त तितके शोषण जास्त, आणि तेही सरळ रेषेत. मग नुसते किरण सोडून मोजले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की गमच्या अर्कात कॅफीन एकटे नसते. ‘ऊर्जा’वाल्या गोळीत जीवनसत्त्वे घातलेली असतात. त्यांतले निकोटिनामाइड जवळपास त्याच भागातले किरण खाते. ग्वारानातली टॅनिने खातात. डिंक खवट होऊ नये म्हणून घालतात ते बीएचटी द्रावकाबरोबर उतरले, तर तेही खाते. यंत्राला वाटते सगळे कॅफीनच! आकडा फुगतो. अशा मोजणीने कमी कॅफीनची गोळीसुद्धा उत्तीर्ण होऊन जाईल.

त्यासाठी आधी गर्दी पांगवावी लागते. या विद्येला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वॉर्सा येथे पानांचा हिरवा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून झिरपू दिला, आणि एका हिरव्याचे हिरवे, पिवळे असे अनेक पट्टे वेगळे झाले. आजची नळी बोटाएवढ्या लांबीची किंवा थोडी मोठी, पोलादी असते. तिच्यात बारीक कण दाबून भरलेले असतात आणि पंपाने मोठा दाब देऊन द्रावण ढकलतात. ज्याला कणांची माया जास्त तो पदार्थ उशिरा बाहेर पडतो, ज्याला कमी तो लवकर. जत्रेत दुकाने लावलेल्या गल्लीतून माणसे सोडावीत तसे हे. खेळण्यांच्या दुकानाशी रेंगाळणारे पोर शेवटी येते, आजोबा सरळ पुढे निघून जातात. नळीच्या तोंडाशी अतिनील किरणांचा पहारेकरी बसलेला असतो. शुद्ध कॅफीन किती मिनिटांनी बाहेर येते ते आधी पाहून ठेवायचे, आणि माहीत असलेल्या पाच-सहा प्रमाणांची द्रावणे सोडून कागदावर सरळ रेष आखून घ्यायची. मग गोळीच्या अर्कातले कॅफीन त्याच मिनिटाला आले, की त्या रेषेवरून त्याचे प्रमाण वाचता येते.

एवढे झाले तरी काम निम्मेच झाले. कारण आपण मोजली एक गोळी. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ते भाताला खरे आहे, कारण भात उकळत्या पाण्यात शिजतो आणि पाणी सगळ्या शितांना सारखी आच देते. डिंक म्हणजे घट्ट कणीक. चाळीस किलो कणकेत चमचाभर मीठ मळले, तर प्रत्येक पोळीत ते सारखे येईल याची खात्री कोणती सुगरण देईल? म्हणून निदान दहा गोळ्या, आणि प्रत्येक वेगळी मोजायची. दहा एकत्र कुटून सरासरी काढली, तर पाच गोळ्यांत २५ आणि पाचांत ५५ असले तरी उत्तर ४० च येते. कागदावर कंपनी धुतल्या तांदळासारखी, आणि पंचावन्नची गोळी मात्र कुणाच्या तरी तोंडात! औषधांच्या बाबतीत युरोपीय औषधकोशाने यावर मर्यादा घातली आहे. दहा गोळ्या घेतल्या तर, एखादा अपवाद सोडून, प्रत्येकीतला अंश सरासरीच्या शेकडा ८५ ते ११५ मध्ये असला पाहिजे. सरासरी ४० असेल, तर ३४ ते ४६. खाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या गमला ही शिस्त लागू नाही. पण तपासणाऱ्याने ती डोळ्यांपुढे ठेवायला कोणाची हरकत आहे?

उलट बाजूनेही सावध असावे. दहा गोळ्यांची सरासरी ३९ आली, की लगेच ‘फसवणूक!’ म्हणून ओरडू नये. गोळी-गोळीत चार मिलिग्रॅमचा फरक सहज पडत असेल, तर दहांच्या सरासरीतच सव्वा मिलिग्रॅमची डगमग असते. चाराला दहाच्या वर्गमुळाने भागून पाहा. ३९ आणि ४० मधले अंतर त्या डगमगीत बुडून जाते. सरासरी ३३ आली, तर मात्र ती डगमग नव्हे.

या मोजमापाचे मोल कुणाला, ते एका हिशेबाने सांगतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मत दिले, की निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतले तर काळजीचे कारण नाही. गरोदर स्त्रीसाठी दिवसाला २००. मुलांसाठी त्यांनी वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. तीस किलोच्या मुलाला ९०. चाळीसच्या दोन गोळ्या झाल्या ८०, कशाबशा बसल्या. पण त्या दोन्ही गोळ्या पंचावन्नच्या निघाल्या, तर ११० झाले. घरात सकाळी घेतलेला चहा अजून धरलेलाच नाही. प्रौढ माणूस दोन-चार मिलिग्रॅमच्या चुकीने मरत नाही. लहान अंगाला मात्र मर्यादा हाताशीच असते, आणि मुले गोळ्या एकेक करून खातात असे मला तरी कधी दिसलेले नाही.

आणखी एक दावा पाकिटावर असतो: ‘झटपट’, ‘मिनिटांत असर’. हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणीही वेगळी. गोळीत किती आहे हा एक आकडा, आणि चघळल्यावर बाहेर किती येते हा दुसरा. लष्करी गमच्या चाचण्यांत पाच मिनिटे चघळल्यावर सुमारे शेकडा ८५ कॅफीन बाहेर आल्याचे दिसले होते. म्हणजे मिनिटभर चघळून थुंकणाऱ्याला शंभराची गोळी शंभर देत नाही. चघळण्याची रीत माणसागणिक वेगळी, म्हणून औषधी गमसाठी चक्क चघळणारे यंत्र वापरतात. ३७ अंश उष्णतेच्या कृत्रिम लाळेत यांत्रिक जबडे मिनिटाला साठ वेळा गोळी चावतात आणि ठराविक वेळांनी लाळेचा नमुना काढून मोजतात. न थकता, न बोलता चघळणारा असा प्राणी माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक-दोघे तरी असतातच. ते जाऊ द्या. वेगाबद्दल २००२ साली कामिमोरी आणि सहकाऱ्यांनी ८४ निरोगी माणसांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. गमने रक्तातले कॅफीन ४४ ते ८० मिनिटांत शिगेला पोचले, कॅप्सूलने ८४ ते १२० मिनिटांत. गम लवकर लागू होतो हे खरे ठरले. पण जाहिरातीत ‘पाचपट वेगाने’ असे दिसले, तर हे आकडे शेजारी ठेवून भागाकार करून पाहावा.

आता शेवटचा प्रश्न. ही सगळी यंत्रे आपल्या घरी नाहीत. मग ग्राहकाने काय करायचे? कंपनीला पत्र लिहून तपासणीचा दाखला मागता येतो. दाखल्यावरचा बॅच क्रमांक आणि आपल्या पाकिटावरचा क्रमांक जुळतात का, ते आधी पाहावे. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा दाखला आजच्या पाकिटाविषयी काही सांगत नाही. तपासणी कंपनीच्याच खोलीत झाली की मान्यताप्राप्त बाहेरच्या प्रयोगशाळेत, पद्धत कोणती, गोळ्या किती, वसुली किती, हे त्यावर असले पाहिजे.

आणि दाखल्यावर विश्वास बसत नसेल, तर आपल्या कायद्यात एक वाट आहे. ती फार थोड्यांना माहीत असते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६, याच्या चाळिसाव्या कलमाप्रमाणे साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेला खाद्यपदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा अहवाल मिळवू शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच विक्रेत्याला ‘मी हे तपासणीला देणार आहे’ असे सांगावे लागते. दुकानदार भुवया उंचावील, उंचावू द्या. माल कायद्याच्या कसोटीला उतरला नाही असे अहवालात निघाले, तर भरलेली फी परत मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत येते. पाकिटे एकाच बॅचची घ्यावीत, न फोडता द्यावीत, पावती जपून ठेवावी. आणि अर्जात ‘दर गोळीतील कॅफीन स्वतंत्रपणे मोजावे’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. नाहीतर दहाही गोळ्या एका खलात कुटल्या जातील आणि हातात पडेल ती सरासरी.